खमिराच्या डब्यातला बिल्ला

(उत्तर जर्मनीतलं एक खेडं, सप्टेंबर १९९९. निवृत्त शाळामास्तर ओट्टफ्रीड हासेलब्रिंक यांच्या घरातलं स्वयंपाकघराचं टेबल. टेबलावर खिडकीकडून ऊन, एक भिंग, आणि फडक्यात गुंडाळलेली काहीतरी लहानशी वस्तू. समोर वीबके, एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झालेली. चुलीपाशी मास्तरांची बायको हेडा.)

गुरुजी : थांब, थांब. गोष्ट सांगू नकोस.

वीबके : पण गुरुजी, गोष्टीसाठीच तर मी...

गुरुजी : नाही. आम्हा बिल्ले जमवणाऱ्यांचा हा पहिला धडा. बाजारात जो येतो तो गोष्ट घेऊनच येतो. आजोबांच्या कपाटात सापडला, मामानं रशियाहून आणला, शेजाऱ्यानं मरताना हातात ठेवला. गोष्ट ऐकली की डोळे भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांना धातू दिसत नाही. आधी वस्तू. गोष्ट नंतर.

वीबके : मी विकायला नाही आले.

गुरुजी : तेही प्रत्येक जण म्हणतो.

हेडा : अरे, ती काय बाजारातली गिऱ्हाईक आहे? अल्विन पाववाल्याची लेक आहे. जन्मभर तिच्या बापाच्या भट्टीतला पाव खाल्लास, आणि आता तिला नियम शिकवतोयस! वीबके, तू बस गं. कॉफी दुधाची की काळी?

वीबके : काळी चालेल, हेडाकाकू.

गुरुजी : मी शिकवत नाहीये, हेडा. म्हणजे, शिकवतोच आहे. वीबके, फडकं सोड. तूच सोड.

वीबके : हा बघा.

गुरुजी : अरे! ... अरे बापरे.

हेडा : काय झालं? साप निघाला की काय?

गुरुजी : सापच आहे. अनेक तोंडांचा. वरून खाली तलवार घुसवलेली, खाली कवटी, भोवती ओकच्या पानांची माळ. हेडा, तो खिडकीचा पडदा बाजूला सार. पूर्ण सार. असा बिल्ला माझ्या हातात आजवर दोन-तीनदाच आलाय, आणि त्यातला एक तर... असो. वीबके, हा तलवारीच्या मुठीवर चिकटवलेला कागद कोणी लावला?

वीबके : मी. तुमच्या त्या रविवारच्या बाजारात सगळ्यांनी लावलेला असतो ना.

गुरुजी : तो बाजारात. चार लोकांत नाझींचं ते स्वस्तिक उघडं ठेवायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून आम्ही झाकतो. इथं झाकून कसं चालेल? हळूच काढ. नखानं नको, ओरखडा येईल. वाफेवर धर.

हेडा : माझ्या कॉफीच्या वाफेवर? नको रे बाबा.

गुरुजी : किटलीच्या धर. हां. असा. आता मला भिंग दे.

हेडा : झालं. भिंग डोळ्याला लागलं की याचे कान बंद होतात. आता घराला आग लागली तरी म्हणेल, जरा उजेड बरा आहे. वीबके, तू मला सांग, रविवारची तयारी कुठवर आली? लेकीच्या पोराचा बाप्तिस्मा आणि तू इथं बसलीस?

वीबके : मारेन बघतेय सगळं. चर्चचं झालं, हॉल झाला. केक माझ्याकडे.

हेडा : तुझ्याशिवाय कोणाकडे असणार! लोण्याचा केक म्हणजे तुमच्याच घरचा. बारशालाही तोच, मयतालाही तोच. आणि नाव? नाव ठरलं की नाही अजून?

वीबके : मारेननं ठरवलंय. अल्विन.

हेडा : अल्विन! अगं, आजोबांचं नाव! म्हणजे पणजोबांचं. किती छान! ओट्टफ्रीड, ऐकलंस? वीबकेच्या नातवाला अल्विनचं नाव ठेवणार आहेत!

गुरुजी : हं. छान, छान.

वीबके : पाद्रीबाईंना उद्या सकाळी नाव कळवायचंय, काकू. म्हणून तर मी आज आले.

हेडा : म्हणजे? पोराच्या नावाचा आणि याच्या भंगाराचा काय संबंध?

वीबके : भट्टीघर विकलं ना आम्ही. परवा फळ्या उतरवत होते. वरच्या फळीवर बाबांचा जुना खमिराचा डबा होता. मला वाटलं रिकामा असेल.

हेडा : आणि त्यात हे?

वीबके : फडक्यात बांधलेलं. मी ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढलं. काकू, हा बिल्ला पाव भाजणाऱ्याला मिळत नसे. जंगलात लपलेल्या लोकांना शोधून मारत फिरायचे ना, त्यांना मिळायचा. त्या लोकांना आसरा दिला म्हणून गावंच्या गावं जाळली. पुस्तकात फोटो आहेत. घरांचे. आणि दुसरेही.

हेडा : पण अल्विन तर लढाईभर लष्कराच्या भट्टीवर होता. फिरत्या भट्टीवर. तो स्वतः सांगायचा, बर्फात कणीक कशी फुगवायची ते.

वीबके : हो. तेच सांगायचे ते. एवढंच सांगायचे.

हेडा : मग हा त्याचा नसेलच. नकली असेल. बाजारात ढिगानं मिळतात नकली. हाच किती घेऊन आलाय!

वीबके : असेल ना? मलाही तसंच वाटतं. कोणीतरी गंमत म्हणून दिला असेल. बाबांना नाही म्हणता यायचं नाही कोणाला.

गुरुजी : वीबके, इकडे ये. माझ्या शेजारी बस. तुलाच दाखवतो. शाळेत तुझी नजर फार चांगली होती. पानाच्या शिरा तूच सगळ्यांत आधी मोजायचीस.

वीबके : गुरुजी, नकलीच असतात ना बहुतेक?

गुरुजी : हा? शंभरात नव्वद तर नक्कीच नकली. घाबरू नकोस. म्हणूनच पायरीपायरीनं जायचं. हेडा, माझी ती पेटी दे गं.

हेडा : मूर्खपणाची पेटी?

गुरुजी : तीच. यात मी फसून घेतलेले सगळे बिल्ले आहेत, वीबके. अस्सल म्हणून घेतले आणि नकली निघाले. टाकत नाही मी ते. अस्सल ओळखायचा तर शेजारी नकली हवा. हा घे, तुझ्यासारखाच दिसणारा. एक या तळहातावर, एक त्या. डोळे मीट. काय वाटतं?

वीबके : तुमचा जड आहे.

गुरुजी : शाब्बास. नकली करणारा हात सैल सोडतो, भरपूर धातू ओततो. लढाईच्या शेवटी शेवटी धातू होता कुठे? जस्ताचे करायचे, तेही पातळ. आता डोळे उघड. भिंग घे. असं नाही, डोळ्याला अगदी टेकव आणि बिल्ला वर आण. आधी माझा बघ. सापाच्या मानेपाशी.

वीबके : बारीक बारीक खड्डे आहेत. सुईनं टोचल्यासारखे.

गुरुजी : बुडबुडे ते. धातू वितळवून साच्यात ओतला की आत हवा राहते. तुमच्या कणकेत राहते तशीच. अस्सल बिल्ला ओतत नव्हते, पोलादी साच्याखाली दाबून काढत. त्यात हवा राहायला जागाच नाही. आता तुझा बघ. तीच जागा. दिसलं?

वीबके : आहेत. यातही आहेत खड्डे.

गुरुजी : कुठे? बोट ठेव.

वीबके : इथे.

गुरुजी : ती पिठाची कणी आहे, बाळ. फुंकर मार. आता?

वीबके : नाहीत.

गुरुजी : नाहीत ना? बघ. घाई केली की असं होतं. शाळेतही तू कधी कधी उत्तर आधी लिहायचीस आणि गणित मागून करायचीस. पुढे. रंग बघ. माझ्या बिल्ल्याचा रंग कसा आहे?

वीबके : जुना. काळपट. खाचांमध्ये जास्त काळा.

गुरुजी : सगळ्या खाचांमध्ये सारखाच ना? तिथंच चूक. ते आम्लात बुडवतात, वरून काजळी घासतात. काहीजण घोड्याच्या लिदीत पुरून ठेवतात, हसू नकोस, खरंच पुरतात. सगळं एका दिवशी म्हातारं होतं. तुझ्या बिल्ल्यावर काशाचा मुलामा होता, तो कुठे टिकलाय, कुठे जस्तात जिरून करडा झालाय. जुन्या बादलीसारखा. हा म्हातारपणा करता येत नाही कोणाला. त्याला वर्षंच लागतात. हेडा, बघतेस का?

हेडा : मी वीबकेकडे बघतेय. ओट्टफ्रीड, जरा थांब.

गुरुजी : आता थांबून कसं चालेल? आता तर मजा आहे. वीबके, पालथा कर. सुई बघ, बिजागरी बघ. सांध्याला डाग दिलाय तो पसरट आहे, ओघळलेला नाही. बरोबर. आता पाठ बघ. सुईच्या खाली आणि आकड्याच्या भोवती. कापडाची घासण दिसते?

वीबके : नाही. मुलामा तसाच आहे.

गुरुजी : म्हणजे हा कोटावर कधी लावलेलाच नाही. एकदाही नाही! नवाकोरा. आता शेवटचं. हे सगळं जुळलं तरी मी मान डोलावत नाही. एक गोष्ट राहते. पोलादी साचा वापरून वापरून त्याला चीर जाते. केसासारखी. त्या साच्यातून मग जेवढे बिल्ले निघतात, सगळ्यांवर तीच चीर उमटते. नकलीवाल्यांना ही चीर ठाऊक नसते. तलवारीच्या टोकाच्या डाव्या बाजूला, कवटीच्या जरा वर. बघ. सावकाश बघ. उजेड आडवा पाड. आहे की नाही?

वीबके : आहे.

गुरुजी : कशी जाते?

वीबके : वर. आणि मग पानाकडे वळते.

गुरुजी : दे इकडे! दे. ... हो. वळते. वळली! अभिनंदन, वीबके! अगदी मनापासून अभिनंदन. अस्सल आहे. शंभर टक्के अस्सल. हात दे!

हेडा : ओट्टफ्रीड.

गुरुजी : काय? अगं, तुला कळत नाही, असा न लावलेला...

हेडा : ओट्टफ्रीड, गप्प बस. तिच्याकडे बघ. भिंग ठेव खाली आणि बघ तिच्याकडे.

गुरुजी : वीबके? काय झालं, बाळ?

वीबके : काही नाही, गुरुजी. तुम्ही फार छान समजावलंत. शाळेत समजावायचात तसंच.

हेडा : तिच्या बापाच्या डब्यात सापडलाय तो. अल्विनच्या. आम्ही सगळं तुझ्यासमोर बोललो. तू हं हं करत होतास.

गुरुजी : अल्विनच्या डब्यात?

वीबके : मला तो नकली निघायला हवा होता.

हेडा : आणि तू तिचं अभिनंदन केलंस.

गुरुजी : आम्ही म्हणतो तसं. बाजारात. कोणाचा बिल्ला अस्सल निघाला की हात हातात घेऊन म्हणायची रीत आहे. तोंडातून गेलं. वीबके, माफ कर मला.

वीबके : तुमची काय चूक? मीच तर सगळी उत्तरं बरोबर दिली.

गुरुजी : ऐक. ऐक माझं. बिल्ला अस्सल आहे म्हणजे तो अल्विनचाच, असं थोडंच आहे? मीही होतो लढाईत. सैनिक सिगारेटींच्या बदल्यात काय वाटेल ते द्यायचे. घड्याळ, बूट, बिल्ले. कोणाकडून तरी घेतला असेल. रस्त्यात पडलेला सापडला असेल. एखाद्या मेलेल्या मित्राचा असेल, त्याच्या आईला द्यायचा म्हणून ठेवला असेल आणि राहून गेलं...

वीबके : गुरुजी.

गुरुजी : हं?

वीबके : ही गोष्ट झाली. तुम्हीच म्हणालात ना, गोष्ट नको.

हेडा : बरोबर बोलली पोरगी.

गुरुजी : पण कोटावर लावला नव्हता, हे तर वस्तूच सांगतेय! ते तूच पाहिलंस. ज्याला अभिमान वाटतो तो लावतो. मिरवतो. यानं एकदाही सुई कापडात घातली नाही. मिळाला आणि बाजूला ठेवला. याचा अर्थ असतो, वीबके.

वीबके : असेल. पण हे फडकं बघा.

गुरुजी : फडक्याचं काय?

वीबके : आमच्या गिरणीच्या पिठाच्या पोत्याचं आहे. कडेला निळी पट्टी बघा. जुनी पोती साधी यायची, पांढरी. निळ्या पट्टीची पोती आली तेव्हा मारेन पाळण्यात होती. मला पक्कं आठवतं, कारण तिची दुपटी मी त्याच पोत्यांची शिवली होती. किती मऊ कापड, म्हणून बाबांनीच मला धुऊन दिलं होतं.

हेडा : म्हणजे?

वीबके : म्हणजे लढाई संपून इतकी वर्षं झाल्यावर बाबांनी हा एकदा बाहेर काढला, काकू. जुनं फडकं टाकून नवं बांधलं. गाठ बघा, त्यांचीच आहे. पोत्याच्या तोंडाला मारायचे ती. आणि परत वर ठेवला. त्यांनी तो लावला नाही, गुरुजी. पण टाकलाही नाही.

हेडा : कॉफी गार झाली. दुसरी करते.

गुरुजी : इंग्रज गावात आले, त्याच्या आदल्या रात्री सगळ्यांनी टाकलं. गावतळ्यात. आमच्या आईनं माझ्या थोरल्या भावाचा बिल्ला टाकला. जखमी झाल्याचा, साधा काळा. भाऊ आधीच लढाईत गेला होता. पाठवून दिलेली तेवढीच एक वस्तू होती त्याची. मी पुढे तळ्याचा गाळ काढताना मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. भांडी निघाली, बंदुका निघाल्या. तो काही नाही. तेव्हापासून मी घेत सुटलो. काळे बिल्ले कितीतरी घेतले. एकदाही वाटलं नाही की हा त्याचा.

वीबके : हे तुम्ही शाळेत कधी नाही सांगितलंत.

गुरुजी : तुम्ही पोरं होता. आणि मी तुम्हाला गणित आणि पक्ष्यांची नावं शिकवायला होतो. तेवढंच शिकवलं. तुझा बाप रोज सकाळी शाळेच्या दारात पाव ठेवून जायचा. मी 'नमस्कार अल्विन' म्हणायचो, तो 'नमस्कार मास्तर' म्हणायचा. ना त्यानं मला कधी विचारलं, ना मी त्याला.

हेडा : या गावात कोणी कोणाला विचारलं? ते राहू दे आता.

गुरुजी : नाही, राहू द्यायचं नाही. वीबके, मघाशी मी तुला थांबवलं. आता सांग. तुझी गोष्ट सांग.

वीबके : आता सांगण्यासारखं काय राहिलं?

गुरुजी : जे मनात असेल ते. मी भिंग ठेवलंय खाली.

वीबके : ब्लूबेरी वेचायला जायचो आम्ही. आठवतं? सगळी शाळाच जायची. रविवारी मग घरचे जायचो, आई, मी, भाऊ. बाबा बादल्या घेऊन यायचे जंगलापर्यंत. पण आत नाही यायचे. कधीच नाही. रस्त्यावर गाडीच्या चाकाला टेकून उभे राहायचे. आई म्हणायची, त्यांचे पाय दुखतात, भट्टीपुढे उभं राहून.

हेडा : आम्हीही तेच समजायचो.

वीबके : एकदा मी फार मागे लागले. आत खूप बेरी आहेत, या ना. मग वाटलं, हे घाबरतात. मी हसले. झाडांतून ओरडले, बाबा, या ना, इथे कोणी नाहीये!

गुरुजी : मग?

वीबके : ते म्हणाले, 'माहीत आहे मला.' तेवढंच. आणि बादली खाली ठेवून दुसरीकडे बघत राहिले. मी विसरून गेले होते हे. परवा तो फोटो बघताना आठवलं. मी ग्रंथालयात पुस्तक मिटलं तेव्हाच मला कळलं होतं, गुरुजी. तरी तुमच्याकडे आले.

गुरुजी : बरं झालं आलीस.

वीबके : बाबा वाईट नव्हते. माझे पाय ते हातात धरून ऊब द्यायचे. हे मी कुठे ठेवू आणि तो फोटो कुठे ठेवू?

गुरुजी : ते मला शिकवता येणार नाही, बाळ. ते मला स्वतःलाच आलेलं नाही.

हेडा : हा घे रुमाल. रडून घे. इथं कोणी बाहेरचं नाही.

वीबके : मी रडत नाहीये, काकू.

हेडा : मग माझ्यासाठी घे.

गुरुजी : हा इथं ठेवून जातेस का? मी विकणार नाही. कोणाला दाखवणारही नाही. लागेल तेव्हा येऊन घेऊन जा.

वीबके : नको. मारेनला दाखवायचाय. तुम्ही मला दाखवलंत तसाच, पायरीपायरीनं.

गुरुजी : आजच?

वीबके : आजच. पाद्रीबाईंचा फोन यायच्या आत. मला आमच्या आईसारखं करायचं नाही, 'पाय दुखतात' म्हणून. पोर तिचं आहे. सगळं कळल्यावर ती जे नाव ठेवेल ते ठेवेल. अल्विन म्हणाली तरी मी काही बोलणार नाही. दुसरं म्हणाली तरीही.

हेडा : आणि पोरगी तुझ्यावर चिडली तर? चार दिवसांवर समारंभ आलाय.

वीबके : चिडू दे. मी तिच्या दारात बसून राहीन.

गुरुजी : फडकं मी बांधू का? नाही, तूच बांध. ती गाठ मला येत नाही.

वीबके : मला येते.

हेडा : वीबके, रविवारी माणसं तर येणारच. नाव काहीही असो. केकचं काय करायचं? तुला नसेल जमत तर मी शहरातून मागवते. कोणी काही म्हणणार नाही.

वीबके : नाही, काकू. केक मीच करणार.

हेडा : बापाच्याच पद्धतीचा?

वीबके : दुसरी मला येत नाही.